फोटो पुढे गेला, प्रश्न मागे राहिला

बाईंच्या वर्गाचा पहिला दिवस संगणक बंद ठेवून होतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते. वाचनालयाचा जिना चढून गुडघ्यांची वाट लावायची आणि वर जाऊन काळ्या काचेत स्वतःचंच तोंड बघत बसायचं, हा कुठला उद्योग! पण धाकट्या जावेने माझंही नाव परस्पर देऊन टाकलं होतं, आणि नाव दिलं की जायचं, ही माझी जुनी खोड.

"समजा, तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत शिरलात," बाई म्हणाल्या. "आत किती माणसं आहेत, कोण आहेत, काही दिसत नाही. पण तुम्ही बोललेलं प्रत्येकाला ऐकू जातं. आणि एकदा बोललात की परत घेता येत नाही. काय बोलाल?"

एक निवृत्त हेडक्लार्क उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण त्यांना बसून उत्तर देता येत नाही.

"नमस्कार म्हणेन."

"आणि?"

"आणि गप्प बसेन."

"वा! हे ज्याला जमलं त्याला यंत्र शिकवायला वेळ लागत नाही," बाई म्हणाल्या.

पुढे याच हेडक्लार्कांनी रोज सकाळी साऱ्या जगाला गुलाबाच्या फुलांची चित्रं पाठवून उच्छाद मांडला, तो भाग वेगळा.

बाईंना गावात सगळे एक्स्चेंजबाई म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. आजकालच्या पोरांना ऑपरेटर म्हणजे काय ते सांगावं लागतं. तेव्हा फोन आपला आपण लागत नसे. आपण रिसीव्हर उचलायचा, पलीकडून एक मुलगी विचारायची, 'नंबर?' आपण सांगायचा, ती तो पुन्हा म्हणून दाखवायची, आणि समोरच्या भोकाभोकांच्या बोर्डात दोरीचा प्लग खुपसून दोन माणसं जोडून द्यायची. गावातली लग्नं ठरली, मोडली, माणसं गेली, पोरं झाली, सगळं या बाईंच्या हातातल्या दोरीतून गेलं. तिथे एक ऐकायची कळ असे. जोडणी झाली की ती बंद करायची, असा नियम. 'तुम्ही कधी चोरून ऐकलं का हो?' असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं असतं तर मला झोप लागली असती का? सगळ्या गावाचं ओझं!"

मग यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना तक्रारीच्या खिडकीत बसवलं. लोक येऊन ओरडायचे, त्या ऐकायच्या. निवृत्त झाल्यावर घरी थोरल्या बहिणीबरोबर राहू लागल्या. बहिणीला कमी ऐकू येतं, त्यामुळे बाई घरात गळा ताणून बोलतात आणि वर्गात मात्र इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागतं. वाचनालयाला कुणीतरी जुने संगणक दिले होते, ते वरच्या खोलीत प्लास्टिक पांघरून पडून होते. बाईंनी जाऊन विचारलं, "मी शिकवू का? ज्यांची पोरं शिकवताना अंगावर खेकसतात, त्यांना?" वर्ग भरायला वेळ लागला नाही. खेकसणारी पोरं घरोघरी आहेत.

त्यांची शिकवायची पद्धत एक्स्चेंजचीच. कुठलंही बटण दाबण्याआधी मोठ्याने म्हणायचं: कुणाला पाठवतेय, काय पाठवतेय. म्हटल्याशिवाय बोट काचेला लावायचं नाही. सुरुवातीला मला हे पोरखेळ वाटलं. वर्गात माझ्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई बसते. तिला मी म्हटलंसुद्धा, "आता काय पाढे म्हणायचे आपण?" पण एकदा हेडक्लार्कांनी पायाला झालेल्या जखमेचा फोटो डॉक्टरांना म्हणून पाठवला तो गेला जुन्या कचेरीच्या ग्रुपवर. एकाने लिहिलं, 'सुंदर.' एकाने हात जोडले. तेव्हापासून ते सगळ्यांत मोठ्याने म्हणतात.

शिवणवालीने पासवर्ड कागदावर लिहून मशीनला चिकटवला होता, गिऱ्हाइकांना दिसेल असा. माझ्या जावेचा पासवर्ड म्हणजे तिच्या नातीचं नाव, आणि तो ती सांगायची कौतुकाने. "अगं, किल्ली कुणी दारात उभं राहून वाजवून दाखवतं का?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिने तो बदलला. नवीन पासवर्ड मला लगेच कळला, कारण तिने मलाच विचारून ठेवला.

आणि बाईंचा आणखी एक नियम होता. तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. बाई म्हणत, "काही भयंकर वाचलंत, शंका आली, तर लगेच विश्वास ठेवू नका. आधी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर विचारा."

आता व्हॅनवाल्याचं सांगते. आमच्या भागातली लहान पोरं त्याच्या व्हॅनमधून शाळेत जातात. चाळिशीचा माणूस, बोलायला तुटक. हसला तर मिशी हलते, एवढंच. पण व्हॅन आरशासारखी. खिडक्यांना स्वतः शिवलेले पडदे, पाण्याच्या बाटल्या अडकवायला आकडे, दप्तरांना फळी. जावेची नात त्याच व्हॅनने जाते. नात म्हणजे तिच्या लेकीची मुलगी. ती लेकीच्या सासरी, म्हणजे जावेच्या विहिणीकडे राहते. विहीणबाई म्हणजे तोलामोलाचं प्रकरण. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आई गप्प, आजीच बोलते.

एका शुक्रवारी दुपारी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक फोटो आला. वरच्या मजल्यावरून काढलेला. मंडईच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर व्हॅन उभी, दार उघडं, आणि व्हॅनवाला एका लहान मुलीच्या तोंडावर कापड दाबून धरतोय. मुलीचा चेहरा दिसत नाही, पण हात हवेत, रडतेय हे कळतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हे काय चाललंय?' त्याच्या खाली दुसऱ्याने, 'पालकांनो सावध!' तिसऱ्याने आणखी काहीबाही.

माझी जाऊ फोन घेऊन धावतच माझ्याकडे आली. धावणारच, नात बसते त्या गाडीत. तिने काय केलं? बाईंनी शिकवलं होतं तेच केलं. फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली वेगळं लिहिलं, 'हे खरं आहे का?' मग राहवेना म्हणून विहिणीला पाठवला. तिथेही खाली वेगळं लिहिलं, 'हे खरं आहे का? चौकशी करावी.' मोठ्याने म्हणूनसुद्धा दाखवलं, मी साक्षीला आहे. "वर्गाला पाठवतेय, फोटो आणि प्रश्न. विहीणबाईंना पाठवतेय, फोटो आणि प्रश्न." नियमात तसूभर चूक नाही.

चूक पुढे झाली. फोटो आणि प्रश्न हे दोन वेगळे डबे होते. लोकांनी पहिला डबा उचलला आणि पुढे ढकलला. दुसरा कुणी उचललाच नाही. शिवणवालीने गिऱ्हाइकांना फोटो पाठवला. हेडक्लार्कांनी कचेरीच्या ग्रुपवर. विहीणबाईंनी शाळेच्या ग्रुपवर. प्रश्न जिथल्या तिथे राहिला. रविवारपर्यंत तो फोटो फिरत फिरत माझ्याकडे चार दिशांनी आला आणि त्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलं पळवणारा.'

सोमवारी सकाळी व्हॅन निघाली, पण पहिल्या घरी पोचायच्या आतच शाळेचा फोन आला आणि ती रिकामी परत आली. शाळेने त्याला सांगितलं, तुमच्यावर आमचा संशय नाही, पण पालक घाबरलेत, तेव्हा तूर्त फाटकापाशी येऊ नका. या आठवड्यात काही ठरलं नाही तर हा मार्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. तो म्हणे 'बरं' म्हणाला. चिडला नाही, भांडला नाही. लोकांनी त्याचाही अर्थ काढला. भांडला असता तर 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हणाले असते. गप्प राहिला तर 'पाणी मुरतंय'. लोकांचं तोंड कोण धरणार!

त्याच दिवशी वर्ग होता. बाई आल्या त्या एरवीपेक्षा उशिरा, आणि पर्स खांद्यावरून न काढताच उभ्या राहिल्या.

"मी त्याच्याकडे जाऊन आले," म्हणाल्या.

"कुणाकडे?" हेडक्लार्कांनी उभं राहून विचारलं.

"व्हॅनवाल्याकडे. तुम्ही सगळ्यांनी विचारलं ना, खरं आहे का, खरं आहे का? एकमेकांना विचारलंत. ज्याला विचारायचं त्याला कुणी विचारलं?"

कुणीच नाही.

"एका मुलीला गाडीत उलटी झाली. त्याने गाडी बाजूला घेतली आणि तिचं तोंड पुसलं. तिचा स्वेटर खराब झाला होता, तो त्याने घरी नेऊन धुतला आणि संध्याकाळी नेऊन दिला. मी तिच्या आईकडेही जाऊन आले. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात पाळीवर असते, कुठल्या ग्रुपवर नाही. तिला बिचारीला काही ठाऊकच नव्हतं. ती मला उलट विचारते, आज व्हॅन का नाही आली हो?"

शिवणवालीने पदर तोंडाला लावला. माझी जाऊ एकदम उसळली. "पण बाई, मी तर तुम्ही सांगितलं तेच केलं! विचारलं होतं मी! प्रश्न लिहिला होता!"

"लिहिला होता. म्हणूनच उभी आहे मी इथे. नियम माझा होता. शंका आली तर वर्गाला विचारा म्हटलं, पण वर्गाला काय ठाऊक असणार? त्यांनी तो फोटो तुमच्याइतकाच वरून पाहिलेला. चुकीची जोडणी माझ्याच बोर्डावरून झाली."

हेडक्लार्कांनी खिशातून पेन काढलं. "मी खुलासा लिहितो. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दिनांक अमुक रोजी प्रसारित झालेले छायाचित्र..."

"नको."

"का? ग्रुपवर टाकू. सगळ्यांना एकदम जाईल."

"गेलेलं वाचतं कोण? 'मुलं पळवणारा' हे डोळे फाडून वाचतात. 'पळवणारा नाही' हे वाचायला कुणाला वेळ आहे? तुमची गुलाबाची फुलं तरी कोण उघडतं?"

हेडक्लार्क दुखावले. फुलं कुणी उघडत नाही हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

"एक्स्चेंजमध्ये चुकून भलतीकडे जोडलं गेलं तर आम्ही काय करायचो माहितीय?" बाई म्हणाल्या. "दोरी ओढून मोकळं व्हायचो नाही. दोन्ही बाजूंना स्वतः बोलायचो. 'ऑपरेटर बोलतेय, माझ्याकडून चुकीची जोडणी झाली, माफ करा.' आणि दोघांनी फोन खाली ठेवेपर्यंत लाइनवर थांबायचं. शिव्या खाऊन का होईना. तर आता ज्याने ज्याने ज्याला ज्याला पाठवलं, त्याने त्याला फोन करायचा. आवाजाने बोलायचं. इथेच, माझ्यासमोर. आणि एक, कुठल्या मुलीला उलटी झाली ते कुणी सांगायचं नाही. ती तिची गोष्ट आहे. तिने आणि तिच्या आईने सांगू दिली तर सांगू, नाहीतर नाही."

मग जे झालं ते पाहायला तिकीट लावलं असतं तरी चाललं असतं. शिवणवालीने पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावला तर ती म्हणे, "ब्लाउज झाला का?" दुसरी म्हणे, "मी तर तो फोटो बघितलाच नाही," आणि मग, "पण पोरीचे हात कसे वर होते नाही?" हेडक्लार्कांचा पहिला जुना सहकारी फोनवर सापडला तो आपल्या गुडघ्याचं सांगत सुटला. हेडक्लार्क मधेच "फोटोसंबंधी... फोटोसंबंधी..." करत राहिले. "पुढचा," बाई म्हणाल्या. दुसऱ्याने त्यांना झापलं. "खात्री न करता कागद पुढे सरकवायचा नाही, हे तूच आम्हाला शिकवायचास ना रे?" बिचारे खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बसून उत्तर दिलं, "हो, मीच."

माझ्या जावेची पाळी आली तेव्हा ती खुर्चीला चिकटली. "विहिणीला मी नाही सांगणार. ताई, तू सांग." ताई म्हणजे मी.

"मी पाठवला होता का?" मी म्हटलं.

"अगं, पण मुलीची सासू आहे ती! उद्या माझ्या लेकीला बोलेल, तुझी आई खोटं पसरवते म्हणून."

"मग तिने बोलण्याआधी तूच बोल."

तिने नंबर लावला. बाईंच्या नियमाप्रमाणे फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"विहीणबाई, मी बोलतेय."

"बोला, बोला. तब्येत बरी ना? आणि हो, बरं झालं हो तुम्ही तो फोटो पाठवलात. मी लगेच शाळेच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी मला किती धन्यवाद दिले!"

जावेने फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून कळवळून म्हणाली, "आता कशी सांगू? त्यांना धन्यवाद मिळालेत!"

"सांगा," बाई म्हणाल्या.

"विहीणबाई, तो फोटो... म्हणजे फोटो खरा आहे, पण तसं काही नव्हतं. एका मुलीला बरं वाटत नव्हतं, तो तोंड पुसत होता तिचं. आमच्या बाई जाऊन विचारून आल्यात."

पलीकडून आवाज आला तो थंडगार. "म्हणजे मी खोटं पसरवलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

आता ही काय उत्तर देणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. आमच्या घरात आल्यापासून माझ्या जावेने कुठलीही चूक आपल्या नावावर घेतलेली मी पाहिलेली नाही. दूध उतू गेलं तर दोष शेगडीचा.

"नाही हो," ती म्हणाली. "मी पसरवलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"बघते," विहीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

'बघते' म्हणजे काय हे मुलीकडच्या कुणालाही विचारा. 'बघते' म्हणजे नाही.

जाऊ रडवेली झाली. "झालं. संपलं."

"त्यांनी ठेवला ना? तुम्ही ठेवला नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमची लाइन अजून उघडी आहे."

"म्हणजे मी काय करू? त्यांच्या दारात जाऊन बसू?"

जावेने डोळे पुसले, पर्समध्ये काहीतरी उगाच शोधलं, आणि म्हणाली, "त्या व्हॅनमध्ये माझ्या नातीची जागा आहे. ती रिकामी आहे ना? मग मी बसते तिथे."

मला वाटलं बोलण्यातलं आहे. पण दुसऱ्या दिवशी, पहाटे उठायची सवय नसलेली माझी जाऊ दारात येऊन बेल वाजवत होती. तिला एकटीला सोडणं मला पटेना. एक तर तिची कंबर, दुसरं म्हणजे तिचं तोंड. बाई आधीच व्हॅनपाशी उभ्या होत्या. व्हॅनवाला आमच्याकडे बघत राहिला.

"कुठे सोडू?"

"शाळेत," जाऊ म्हणाली.

त्याची मिशी हलली नाही. तो म्हणाला, "आजी, राहू द्या. कशाला त्रास घेता? मी दुसरं काम बघीन."

"दुसरं काम बघायचं तर बघा, पण आमच्यामुळे नको. दार उघडा."

पहिलीतल्या पोरांच्या बाकांवर तीन म्हाताऱ्या. गुडघे हनुवटीला लागलेले. जाऊ म्हणाली, "ताई, जरा सरक." मी म्हटलं, "कुठे सरकू, बाटलीच्या आकड्यावर?" व्हॅनवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

पहिलं घर धोबीखान्यातल्या बाईचं. तिने मुलीला आणून बसवलं. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, लोकांना सांगितलं तर चालेल का, तुमच्या मुलीबद्दल? ती मुलीकडे वळली. "सांगू दे का गं?" मुलगी ऐटीत म्हणाली, "मीच सांगते." आणि तिने खरंच सांगितलं. प्रत्येक फाटकापाशी खिडकीतून डोकं काढून. "मला उलटी झाली! काकांच्या बाहीवर! दोनदा!" मोठी माणसं विचार करत राहिली, पण बरोबरीची पोरं हे ऐकून भलतीच खूश. एका घरातला मुलगा आतून ओरडला, "खरंच बाहीवर?" आणि चप्पल न घालताच बाहेर आला. त्याच्या आईने त्याला बूट घालून पाठवलं. ते आमचं पहिलं यश. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

विहीणबाईंच्या घरापाशी मात्र जावेचा धीर सुटला. तिने माझा हात घट्ट धरला. विहीणबाई फाटकातच उभ्या होत्या. नात मागे दप्तर लावून तयार. आजी तिला रिक्षाने सोडणार होती.

"तुम्ही? व्हॅनमध्ये?"

"जागा होती," जाऊ म्हणाली. "नातीची."

"उतरा, चहा घ्या."

"नको. शाळेला उशीर होईल."

"कुणाला?"

"आम्हालाच."

विहीणबाईंनी हसू दाबलं की राग, मला कळलं नाही. त्यांनी आमच्या तिघींकडे पाहिलं, मग खिडकीतल्या मुलीकडे. मुलीने आपली हकीकत सुनावलीच. मग त्या फिरून पुढे गेल्या, व्हॅनवाल्याच्या खिडकीशी. इतकी वर्षं नात त्या गाडीत बसत होती, पण या बाई त्याच्याशी कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

"काय हो, गाडीत पाणी असतं का? पोरांना असं काही झालं तर?"

"असतं. पिशव्या असतात. रुमाल असतो."

"तोच रुमाल? धुतला का?"

"धुतला."

त्या उभ्याच राहिल्या. जावेने तोंड उघडलं, मी कोपराने ढोसलं. काही वेळा थांबायचं असतं. हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं, बाईंनी एक दिवस आधी शिकवलं. शेवटी विहीणबाईंनी फाटकाची कडी काढली आणि नातीला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. पोरगी आजीच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, मांडीवरच येऊन बसली, कारण दुसरी जागा उरली नव्हती.

व्हॅन निघता निघता मी मागे पाहिलं. विहीणबाई फाटकात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. आवाज खणखणीत, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं. "आमची बसली. हो, त्याच व्हॅनमध्ये. मी चुकीचं टाकलं होतं... आता ग्रुपवर कशाला? तुमच्याशी बोलतेय ना मी! गाडी येतेय तुमच्याकडे, पोराला खाली पाठवा."

त्या आठवड्यात आम्ही रोज गेलो, पोरांना फाटकाच्या अलीकडेच उतरवून चालत सोडलं. माझी कंबर अजून बोलते आहे. शाळेने त्याला पुन्हा फाटकापाशी येऊ दिलं. मार्ग त्याच्याकडेच राहिला. व्हॅनमध्ये पोरं परत येत गेली तशा आम्ही एकेक म्हातारी जागा सोडत गेलो. शेवटी फक्त जाऊ उरली आणि मग तिलाही व्हॅनवाल्याने सांगितलं, "आजी, उद्यापासून जागा नाही." तिने हे मला अशा थाटात सांगितलं जणू तिला बढती मिळाली.

वर्गात बाईंनी आपला नियम बदलला. आता त्या म्हणतात, शंका आली तर फोटो कुणालाच पाठवू नका, मलासुद्धा नको. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्यापर्यंत पोचता येतं का बघा. नाहीच पोचता आलं तर जिना चढून माझ्याकडे या आणि तोंडाने सांगा. जिना चढताना निम्म्या शंका खाली राहतात, हा माझा अनुभव. हेडक्लार्क आता फुलं फक्त बाईंना पाठवतात. बाई ती उघडतात की नाही, ते मी विचारलेलं नाही.

सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार होते. पण परवा जाऊ नातीकडून ऐकून आली. गाडीत एका पोराच्या पोटात ढवळायला लागलं. व्हॅनवाल्याने गाडी बाजूला घेतली, भर रस्त्यात, दुकानांसमोर, जिथे माणसं असतील अशी जागा बघून. मग फोन काढला, पोराच्या घरी लावला, आईशी बोलला. पोरगं तोपर्यंत रडत, तोंडाला लागलेलं तसंच घेऊन उभं. फोन झाल्यावर त्याने रुमाल काढला.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभ्या होत्या. वळल्या नाहीत.

"आधी लगेच पुसायचा," एवढंच म्हणाल्या. "तेवढं नाही परत आणता आलं आपल्याला."